बट्टी वर येईपर्यंत

मुलांना संस्कृतीची पहिली ओळख चुलीपाशी होते, आणि तिथे गिरवलेला धडा जन्मभर पुसला जात नाही. हे मला पूर्ण मान्य होतं. पाककलेच्या वर्गाच्या पत्रकावर ते छापलेलंच होतं, आणि त्याच्या खाली 'पार्किंगची सोय आहे' असंही होतं.

मुलीला मी तिथे नेलं ते मात्र संस्कृतीसाठी नव्हे. बँकेनं माझी जयपूरला बदली केली त्याला सहा महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात माझी सहा वर्षांची मुलगी घराबाहेर एक शब्द बोलली नव्हती. घरात अखंड टकळी. दाराबाहेर पाय पडला की तोंड बंद. शाळेत ती मान हलवून हजेरी द्यायची. दुकानात माझं बोट ओढायची, मग मी म्हणायचो, "भैया, वो लालवाला." डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, चार मुलांत न्या, आणि तिच्या वतीनं बोलणं तेवढं सोडा. यातलं शेवटचं मला जमत नव्हतं.

वर्ग बनी पार्कातल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगणात होता. आमच्याखेरीज वैशाली नगरातल्या दोन आया आपापल्या मुलींना घेऊन आल्या होत्या. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, ताठ, डोक्यावरचा पदर तसूभर हलू न देणाऱ्या. बाटीला हात लावण्याआधी अर्धा तास इतिहास झाला. योद्धे लढाईला जाताना कणकेचे गोळे तापलेल्या वाळूत पुरून जात आणि जिंकून परतल्यावर भाजलेल्या बाट्या खात. हरलेले काय खात, ते बाईंनी सांगितलं नाही. त्यांच्या सासरी सात पिढ्या बाटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यातच भाजली जाते, दुसरी रीत नाही. दोन्ही आया हे सगळं मोबाइलवर टिपत होत्या.

मग मुलींना जाडसर कणीक मिळाली. माझी मुलगी मन लावून, जीभ बाहेर काढून गोळा वळत होती. बाई म्हणाल्या, "शाबाश बेटा, क्या नाम है आपका?" मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी नाव सांगून टाकलं.

बाकीच्या दोघी आपल्या बाट्या घेऊन निखाऱ्यांकडे गेल्या. माझी गेली नाही. शेजारी बुटक्या शेगडीवर सगळ्यांच्या चहाचं पाणी उकळत होतं. मी "अगं, थांब!" म्हणेपर्यंत तिनं पळीतून आपला गोळा त्यात अलगद सोडलाही.

चूक तिची नव्हती. आमच्या जळगावकडे बट्टी आधी पाण्यात उकडतात, मग चिरून तळतात. तिच्या आईला दर रविवारी तिनं तेच करताना पाहिलं होतं.

"अरे, चाय का पानी!" एक आई म्हणाली. दुसरी हसली. बाई चिमटा घेऊन पुढे आल्या. मुलीचे कान लाल झाले. आता ही माझ्या पायामागे लपणार, आणि पुन्हा कुठे येणार नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"निकालना मत."

आवाज इतका बारीक होता की आधी मला कळलंच नाही कुणाचा.

बाईंचा चिमटा हवेतच थांबला. "क्यों, लाडो?"

"अभी ऊपर नहीं आया. ऊपर आएगा तब निकालने का. फिर काटके तलने का. नहीं तो अंदर कच्चा रहता."

मी उघडलेलं तोंड मिटलं. ओसरीच्या भिंतीवर बाईंच्या आजेसासऱ्यांचा तलवारीसह फोटो होता. तो मी फार बारकाईनं पाहू लागलो.

बाईंनी चिमटा खाली ठेवला आणि मुलीशेजारी उकिडव्या बसल्या. "किसने सिखाया?"

"मम्मी ने. आपकी मम्मी उबालती नहीं?"

बाईंनी एकदा घराच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "उबालती थी. मेरा पीहर कोटा की तरफ है. हम लोग पहले उबालते हैं, फिर सेंकते हैं. यहाँ सासूजी को नहीं चलता. कहती हैं, ये बाटी नहीं, बीमारों का खाना है."

"तो आप चुपके से बनाओ ना."

"तीस साल से वही कर रही हूँ."

दोघी पातेल्यात बघत बसल्या. पदर खांद्यावर घसरला होता, तो बाईंनी सावरला नाही. चहा कुणालाच मिळाला नाही. बऱ्याच वेळानं गोळा डुलला आणि वर आला. "आया!" मुलगी ओरडली, अगदी घरात ओरडते तशी.

परतताना ऑटोत ती माझ्या बाजूला न बसता पुढच्या दांडीला धरून उभी राहिली आणि ऑटोवाल्याला "भैया, सुनो" म्हणाली. मी एकदाही मध्ये बोललो नाही. जगतपुरातलं आमचं घर येईपर्यंत त्याला बट्टीची सगळी कृती पाठ झाली होती, आणि माझे पुढचे दोन दात खोटे आहेत, हेही समजलं होतं.