एर्सिलियाबाईंची छत्री

आमच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात भाड्याने द्यायच्या छत्र्यांच्या आठ रांगा. पहिली पाण्याजवळ, आठवी माझ्या कॉफीच्या टपरीला खेटून. नवीन माणूस आले की आठवीत बसते. पुढचे कुणी वारले, भांडून गेले किंवा डोंगरात सुट्टी घालवू लागले की एकेक रांग पुढे सरकते. पैसे दाखवून पुढे जाता येत नाही. किनारा माझा धाकटा भाऊ ओत्ताव्यो चालवतो आणि या बाबतीत तो कुणाच्या बापाचे ऐकत नाही.

एर्सिलियाबाई तोरीनो शहरातून पहिल्यांदा आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या, मीही तेवढीच. नवे लग्न. नवरा ग्वाल्तिएरो रेल्वेच्या ऑफिसात, अंगाने काडी, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी. पहिल्याच सकाळी मी खारी फोकाच्चा, म्हणजे आमचा तेल लावलेला चपटा पाव, दुधाच्या कॉफीत बुडवून खात होते, ते बघून बाई म्हणाल्या, "शी! माणसं आहात की कोण आहात?" आठवड्याच्या आत स्वतःच बुडवायला लागल्या. तिथून आमचे जमले.

जेवल्यावर तीन तास पाण्यात उतरायचे नाही, हा आमच्याकडे कायदाच. बाईंच्या मनगटावर नवऱ्याचे भले मोठे घड्याळ असायचे आणि आठही रांगांतल्या पोरांचे तास त्या मोजायच्या. स्वतःला मूल नव्हते, पण हुकूम असा की विचारू नका. आज ज्यांना टक्कल पडले आहे असे बाप्येसुद्धा त्यांच्याकडे एक नजर टाकल्याशिवाय पाय भिजवत नाहीत.

मग सातवी रांग आली, मग सहावी. ग्वाल्तिएरोंना पहिल्या रांगेचे वेड होते. चौतीस वर्षांनी त्या रांगेतली तीन नंबरची छत्री मिळाली तेव्हा त्यांनी साऱ्या किनाऱ्याला आईस्क्रीम खाऊ घातले. माझ्यापासून मात्र बाई दर खेपेला थोड्या लांब गेल्या. शेवटी तर लांबून हात हलवायचा, एवढेच उरले.

आमच्याकडची रीत अशी की पंचवीस एप्रिलच्या आत फोन करून "आमची छत्री ठेवा" म्हणायचे. नाही केला तर छत्री मागच्याची. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ग्वाल्तिएरो वारल्याचे कार्ड आले. मी पत्र लिहिले, उत्तर नाही. पंचवीस एप्रिल उलटला, फोनही नाही.

"तूच कर की फोन," मी ओत्ताव्योला म्हटले.

"मयताच्या घरी छत्रीचं विचारू? मला काही जनाची-मनाची आहे की नाही, ताई?"

"मग देऊन टाक इंजिनियरसाहेबांना. नऊ वर्षं दुसऱ्या रांगेतून मान वाकडी करून समुद्र बघतायत."

ओत्ताव्यो आज-उद्या करत राहिला. इंजिनियरसाहेब दर रविवारी केकचा डबा घेऊन हजर. खरे सांगायचे तर मला बाईंचा राग आला होता. एवढ्या वर्षांची ओळख आणि माझ्या पत्राला दोन ओळी नाहीत? त्या रागात मी हात धुऊन भावाच्या मागे लागले आणि तीस जूनला तीन नंबरची छत्री इंजिनियरसाहेबांची झाली.

एक जुलैला दहाच्या बसने एर्सिलियाबाई आल्या. काळा झगा, गवती टोपी, चाकांची बॅग, मनगटावर तेच घड्याळ. कुणाकडे न बघता फळ्यांच्या वाटेने थेट तीन नंबरपाशी गेल्या. तिथे इंजिनियरीणबाई पायाला तेल चोळत होत्या. पंचावन्न वर्षांचा माझा भाऊ कपडे बदलायच्या खोलीत जाऊन लपला. मी एप्रनसकट धावले.

"निवेस, ही कोण माणसं?"

"बाई, तुमचा फोन आला नाही ना, म्हणून…"

"कसला फोन?"

तेव्हा मला उलगडा झाला. दरवर्षी ग्वाल्तिएरो ऑफिसातून फोन करायचे आणि घरी अवाक्षर बोलायचे नाहीत. बाईंना वाटे, छत्री आपलीच आहे, जसे घर आपले असते.

इंजिनियरसाहेब लालबुंद होऊन उठले. "बसा, बसा, आम्ही मागे जातो." त्यांच्या बायकोने त्यांना चिमटा काढलेला मी पाहिला. बाई छत्रीकडे बघत राहिल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "राहू द्या हो. ही हौस त्यांची होती. पहिल्या रांगेत समोर नुसतं पाणी. चहाड्या करायच्या कुणाच्या, माशांच्या? निवेस, आठवीत जागा आहे का?"

होती. ओत्ताव्यो डोळे चोळत बाहेर आला, स्वतः छत्री उचलून आणली आणि टपरीपासून चार पावलांवर रोवली. वर गाढवाने विचारले, "खुर्ची एक ठेवू की दोन?"

मला वाटले, याला तिथेच वाळूत गाडून टाकावे.

"दोन," बाई म्हणाल्या. "निवेस बसेल."

अडतीस वर्षे मी त्या किनाऱ्यावर उभी आहे. वाळूत खुर्ची टाकून कधी बसले नव्हते. दुपारी टपरी थंडावल्यावर बसले, आणि बसल्या बसल्या सांगून टाकले, "बाई, तुमची छत्री मीच द्यायला लावली. रागाने."

"ते तुझ्या तोंडावर सकाळीच दिसलं." त्यांनी घड्याळ फिरवले. "तुझं पत्र उशाशी आहे. उत्तर लिहायला बसायचे, तर 'प्रिय निवेस'च्या पुढे 'आम्ही' असंच यायचं. सवय ना." तेवढ्यात त्या ओरडल्या, "ए लाल चड्डी! पास्ता खाल्लायस, वीस मिनिटं बाकी आहेत अजून!" महिनाभर रोज दुपारी मी त्या खुर्चीत बसले.

यंदा दोन जानेवारीला सकाळी फोन वाजला.

"माझी छत्री ठेव. पंचवीस एप्रिलच्या आत आहे ना?"

"बाई, तुमच्याकडे बर्फ पडत असेल आत्ता."

"पडू दे. आणि ओत्ताव्योला बजावून ठेव, पुढे कुणीही मरो, मला आठवीतून हलवायचं नाही."