इस्त्रीवालीचं नाक

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या बाईला सगळे नाकवाली म्हणत. त्या नाकावर ती माशी बसू देत नसे, आणि कुठलाही वास त्यातून सुटत नसे. गरम इस्त्री फिरली की धुतल्या कपड्यातली लपलेली घाणही वर येते. एकदा शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या पँटमधून मुताचा भपकारा आला. तिनं ती चार गिऱ्हाइकांदेखत चिमटीत धरून परत केली. "शी! आधी नीट धुऊन आणा." मास्तर मान खाली घालून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत.

आता वर्षभर तोच वास तिच्याच साडीला येत होता. खोकला आला, जड इस्त्री उचलली, की मांड्या ओल्या. स्वतःचीच शिसारी! इस्त्रीच्या टेबलावरची जुनी घोंगडी फाडून ती त्याच्या घड्या साडीच्या आत घेई. तरी डाग उमटलाच, तर कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीनं स्वतःच्या पोटावर दोन फवारे मारी आणि म्हणे, "मेली गळकी बाटली!" दिवसभर लोकांच्या कपड्यांना पाणी पाजायची, स्वतः घोटभर पीत नसे. प्यायलंच नाही तर सांडेल काय, हे तिचं शहाणपण. वास मात्र आणखीच उग्र झाला. काल नातीनं मांडीवरून उठून नाक दाबलं, "आजी, घाण!" तेव्हाच तिनं दुकान बंद करायचं ठरवलं.

"शनिवारपर्यंत कपडे घेऊन जा," ती गिऱ्हाईक म्हणून आलेल्या नर्सबाईला सांगत होती, तोच तिला शिंक आली. पाय आवळले, हात बाटलीकडे गेला.

"मावशी, ठेवा ती बाटली," नर्सबाई हळूच म्हणाली. "किती दिवस होतंय?"

"काय होतंय?"

"शिंकेबरोबर होतं ते. खालचे स्नायू सैल पडले की होतं. दवाखान्यात या, तपासून व्यायाम शिकवतील. आणि पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की वासही वाढतो, घाईही."

"म्हणजे मी घाणेरडी नाही?"

"आजार आहे, मावशी. कितीतरी बायकांना असतो. म्हाताऱ्या पुरुषांनाही."

नाकवालीचा चेहरा उतरला. नर्सबाई गेल्यावर ती तांब्याभर पाणी प्यायली.

संध्याकाळी मास्तर चुरगळलेल्या पँटमध्ये, नेहमीसारखे पलीकडच्या कडेनं चालले होते. तिला भयंकर किळस आली, ती आपल्या त्या चिमटीची. ती रस्ता ओलांडून गेली. मास्तर दचकून मागे सरले.

"मास्तर," ती आवाज उतरवून म्हणाली, "उद्या तुमच्या पँटा टाका माझ्याकडे. धुवायच्या राहिल्या असतील, तर तशाच आणा."