डोमाजीनं खाल्लेला कडू घास

भरवेलीच्या मँगनीज खाणीत डोमाजीनं उभी जवानी घातली, पण कुणापुढं आवाज चढवणं काही त्याला जमलं नाही. चहात साखर टाकायची राहिली तरी "मस्त झाला जी" म्हणून कप रिकामा करणारा माणूस. असा हा डोमाजी नव्याण्णवच्या हिवाळ्यात चक्क एका पदयात्रेच्या पुढं चालत होता. कारण त्याचा एकुलता एक प्रीतम. पोराच्या हृदयाची झडप बिघडली होती. आई शेवंताबाई त्याला घेऊन नागपूरच्या दवाखान्यात होती, आणि ऑपरेशनसाठी मदत मागायला बालाघाटचं एक फिरायला जाणारं मंडळ नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीनं गावोगाव निघालं होतं.

मंडळाचे अध्यक्ष नीळकंठराव तहसीलीतून निवृत्त झालेले. हार घातल्याशिवाय कार्यक्रम सुरू करणं साहेबलोकांच्या हातून होतच नाही. पाहुणा हजर नसेना, फोटो तर आहे! त्यांनी प्रीतमचा फोटो मोठा करून आणला, यात्रेच्या पुढं धरायच्या पाटीवर चिकटवला आणि वरून झेंडूचा भरघोस हार घातला.

डोमाजीचा हात हार काढायला पुढं गेला आणि मागं आला. हार घातलेला फोटो म्हणजे माणूस गेला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण एवढ्या थंडीत आपल्या लेकरासाठी पहाटे उठून आलेल्यांना बोलायचं कसं?

"छान दिसतोय ना, डोमाजी?"

"हौ जी. मस्त."

पहिल्याच गावात बायांनी डोक्यावर पदर घेतले. एकजण सायकलवरून उतरला. "कब गया बच्चा?"

"जित्ता हाय जी. नागपूरले हाय."

पुढच्या गावातही तेच. नीळकंठराव मात्र खूश. "बघा, खेड्यातली माणसं कशी हात जोडतात!"

तिसऱ्या गावात मंडळी पिंपळाखाली पोह्यांवर तुटून पडली. डोमाजी लांब नहराच्या काठाशी जाऊन बसला. तिथं तुळसाबाई नावाची म्हातारी थाळी घेऊन आली. भात, फिकं वरण, वर कडुनिंबाचं पान. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून लोक जेवण आणून खाऊ घालतात, तो हा कडू घास.

"खाय, बापू."

"माय, माहा पोरगा जित्ता हाय."

"हौ," ती म्हणाली. "मले बी असंच वाटे. माहा पोरगा दुलीचंद याच नहरात बुडून गेला. लय दिवस त्याचं ताट वाढो मी."

ती समोर मांडी घालून बसली. तिचे डोळे पाझरत होते, आणि ते डोमाजीच्या पोरासाठी. ती थाळी मागं लोटायला त्याचा हात उठेना. डोमाजीनं पान चावलं, भात कालवला. थाळी रिकामी होईस्तोवर म्हातारी हलली नाही.

पदयात्रा फत्ते झाली. मदत पुरली, ऑपरेशनही झालं. प्रीतम त्यातून उठला नाही. आणायला उशीर झाला होता, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. डोमाजी मान डोलवत राहिला.

तेरवीनंतरच्या एका दुपारी शेवंताबाई भिंतीला टेकून म्हणाली, "माह्यामुळंच गेला जी तो. दवाखान्यात शेवटच्या रातच्याले मले झोप लागली."

"तुह्यामुळं नाही व."

"मंग काहून गेला?"

डोमाजीनं सगळं सांगितलं. हार, म्हातारी, थाळी. "तो जित्ता असताना मी त्याचा कडू घास खाल्लो व. मीच खाल्लो."

शेवंताबाई भिंतीपासून सरकून त्याच्यापुढं आली. मग म्हणाली, "त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं होतं काय तुमी?"

"नाही."

"पाणीसुदिक नाही?"

"नाही."

"मंग बरं केलं खाल्लं ते," ती म्हणाली, आणि नागपूरहून आल्यापासून पहिल्यांदा तिनं हंबरडा फोडला.