पालथे दहा दिवस

"अहो, मान खाली! मान खाली घाला म्हणते ना!"

बायको स्वयंपाकघरातून अशी ओरडली, की कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत त्या क्षणी जिना चढणाऱ्या चार माणसांनीही माना खाली घातल्या असणार.

मी पलंगावर उठून बसलो होतो. खरं तर पालथं पडून राहायचं होतं. ऑपरेशनमध्ये डाव्या डोळ्यात गॅसचा फुगा भरला होता. फुगा वर धावतो. माणूस पालथा असेल तरच तो आतला सुटलेला पडदा दाबून धरतो. दहा दिवस, जेवतानासुद्धा जमिनीकडे बघायचं.

आता मी मार्केट यार्डातला कांद्याचा आडत्या. ट्रकमधल्या कांद्याकडे नुसतं बघून शेतकऱ्याच्या बायकोचं माहेर सांगणारा!

मधुमेह जुनाच. वर्षापूर्वी डॉक्टर बाईंनी सांगितलं, साखरेमुळे पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्यात. लेझर करावा लागेल. पहिल्या खेपेला डोळ्यात हिरव्या उजेडाचे इतके बार उडाले, की तेवढे दिवाळीत अख्ख्या पुण्यात उडत नसतील.

"आता चष्मा जाणार ना?" मी विचारलं.

"नजर वाढणार नाही. आहे ती टिकेल. अजून दोनदा यायचंय."

वाढणार नसेल तर जायचं कशाला? लेझर माझ्या डोळ्यात शिरला आणि घाबरून परत गेला, असं यार्डभर सांगत सुटलो. दवाखान्यात काही गेलो नाही.

मग एका सकाळी गाळ्यावर धूर दिसला. मी हमालांवर खेकसलो, "पोत्यांजवळ विडी कोण ओढतंय रे?"

"शेठ, धूर कुठाय?" एक जण म्हणाला.

धूर नव्हताच. डोळ्यात रक्त उतरलं होतं.

ऑपरेशन करून ते रक्त काढलं, पडदा जागेवर बसवला. पण भेटायला आलेल्यांच्या पायांच्या अंगठ्यांशी काय गप्पा मारायच्या? कुणी आलं की मी उठून बसायचो आणि हातवारे करत ऑपरेशन रंगवायचो. बारा डॉक्टर, सहा तास! होते दोघं, आणि लागला दीड तास. सहाव्या दिवसापासून बायकोने ओरडणं सोडलं. नुसती दारात उभी राहून बघायची.

काही आठवड्यांनी गॅस विरला. बाईंनी माझा उजवा डोळा झाकला.

"मान खाली ठेवली होती?"

"बाई, एवढी मान खाली पुण्यात आजवर कुणी घातली नसेल."

बायको शेजारीच होती.

"ही किती बोटं?"

समोर राख. बोट नाही, हात नाही.

"तीन!" मी दणक्यात सांगितलं. "शिवाय अंगठीतला खडासुद्धा दिसतोय."

बाईंनी यंत्रातून बराच वेळ डोळ्यात पाहिलं. मग दिवा बंद केल्याचा आवाज आला.

"हा डोळा आता राहू द्या," त्या म्हणाल्या. "दुसरा दाखवा."