पिकअपचा सागवानी हौदा

मी आयुष्यात एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण केलं आहे, आणि नेमकं तेच करायला नको होतं.

दोन वर्षांपूर्वी वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडून मी जुनी पिकअप गाडी आणली. जुनी म्हणजे माझ्यापेक्षा मोठी. (मी त्रेपन्न वर्षांचा!) तिच्या हौद्यात कोंबड्या राहत होत्या आणि जागा सोडायला तयार नव्हत्या. हळूहळू इंजिन झालं, रंग झाला, दिवेही लागले. राहिला तो हौदा. त्याचा पत्रा इतका सडला होता, की वर उभं राहून खालचं चाक दिसायचं. मोबाइलवर मी परदेशातल्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ पाहिले. ते असल्या गाड्यांच्या हौद्यात लाकडी फळ्या बसवतात, तेल पाजतात आणि मग मायेनं त्यांच्यावरून हात फिरवतात. मलाही हात फिरवायचा होता! अमरावतीतल्या एका आरा मशीनवर मी चार फळ्या सांगून आलो. जुन्या घरातला मुरलेला सागवान, सात फूट लांब, फूटभर रुंद.

"रविवारी घरी पाठवून देतो," मालक म्हणाला.

इथवर माझी काहीही चूक नाही, हे कृपया ध्यानात ठेवा.

यंदाच आमच्याकडे पहिल्यांदा महालक्ष्म्या बसणार होत्या. आजवर त्या अकोल्याला दादाकडे बसायच्या. पण वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिनं फोनवर सांगून टाकलं, "यंदा सुनंदाकडं." सुनंदा म्हणजे माझी बायको. सव्वीस वर्षं ती धाकटी सून म्हणून अकोल्याला जाऊन सोळा भाज्या निवडत आली होती. आता सगळा कारभार तिच्या हाती आला, तेव्हापासून ती झोपेतही याद्या म्हणायला लागली.

"पायजा हं," ती मला रोज बजावायची, "काही कमी पडलं तर जन्मभर ऐकावं लागन मले. अन् तुमी त्या खटाऱ्याखालून बाहेर निघा!"

रविवारी दादानं टेम्पोतून सगळं सामान पाठवलं. दोन ट्रंका, देवींची धडं ज्यांवर उभी राहतात त्या लोखंडी तिवया, आणि आजीच्या काळापासून ज्यांच्यावर आसन मांडतात त्या चार सागवानी फळ्या. सुनंदा बाजारात गेली होती. मी गाडीखाली होतो. मला टेम्पोवाल्याचे फक्त पाय दिसले.

"काका, फळ्या कुठं ठेवू?" पायांनी विचारलं.

"लाव मागच्या भिंतीले!" मी आतूनच ओरडलो.

बाहेर आलो तर ट्रंका व्हरांड्यात आणि फळ्या मागे. ट्रंका अकोल्याच्या, फळ्या माझ्या, अशी मी मनात वाटणी करून टाकली. जुना साग, चार नग, वार रविवार! आणखी काय पुरावा हवा माणसाला? सुनंदानं भिंतीला टेकलेल्या फळ्या लांबूनच पाहिल्या आणि 'हे यांचं लाकूड' म्हणून नाक मुरडलं. त्या आरा मशीनच्या नव्हत्या हे तुम्हाला आत्ताच कळलं. मला ते गुरुवारी कळलं.

सोमवारी रशीदभाई आले. आमच्या भागातले जुने सुतार, हात सोन्याचा आणि स्वभाव शंकेखोर. त्यांनी फळी उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि लाकडावरून बोट फिरवलं.

"भाऊ, याले हळद-कुंकू लागलं हाय."

"लाकूड कापायचा मुहूर्त करत असतील मशीनवाले," मी म्हणालो.

"पाचही बोटं उमटले हायेत. एक डाव भाभीले इचारून घ्या."

"रशीदभाई, सणाच्या धावपळीत तिले काहून त्रास देता? मारा रंधा!"

त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा रंधा मारा म्हणालो. (मुसलमान सुताराला पूजेच्या फळ्या ओळखू येत होत्या आणि महालक्ष्मीच्या घरात जन्मलेला मी त्याला लाकडातलं ज्ञान शिकवत होतो!) हौदा साडेसहा फुटांचा, म्हणून प्रत्येक फळी अर्धा फूट कापली. निघालेले चार तुकडे गाडी घसरू नये म्हणून चाकांखाली ओट लावले, कारण हॅन्डब्रेकचं काम अजून व्हायचं होतं. मग लोखंडी पट्ट्या टाकून गोल डोक्याचे बत्तीस बोल्ट ठोकले. खालून नट आवळल्यावर बोल्टांची टोकं हातोड्यानं चेपायची, ही मात्र खास माझी कल्पना.

"मंग निघणार नाई बरं, भाऊ," रशीदभाई म्हणाले.

"निघूच नये!" मी म्हणालो. बुधवारी जवसाचं तेल पाजलं आणि संध्याकाळभर हात फिरवला.

गुरुवारी महालक्ष्म्यांचं आवाहन. वहिनी मुखवटे घेऊन चारच्या सुमारास पोहोचणार होती आणि सूर्यास्ताच्या आत देवी बसायला हव्या होत्या. सकाळी अकरा वाजता फाटकाशी एक मालवाहू ऑटो थांबला.

"काका, सणामुळं उशीर झाला, माफ करजा. ह्या तुमच्या चार फळ्या."

"माझ्या आल्या की रविवारीच."

"कोनं आनल्या? आमी तं आताच आनून राहिलो!"

त्याच क्षणी घरातून सुनंदाचा आवाज आला, "अहो, अकोल्याहून आलेल्या फळ्या कुठं ठेवल्या? आसन मांडायचं हाय!"

मी हौद्याकडे पाहिलं. फळ्या तेलानं अशा चमकत होत्या, की माझाच चेहरा दिसेल! सुनंदा बाहेर आली. तिनं ऑटोतल्या फळ्या पाहिल्या, मागची रिकामी भिंत पाहिली, मग सावकाश गाडीकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि रडायला लागली.

"सव्वीस वर्सं वाट पायली मी," एवढंच म्हणाली. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रशीदभाई धावत आले. पान्यानं एकही नट हलेना. ग्राइंडर काढला तर वीज गेलेली. दीड वाजता वीज आली, पहिल्याच बोल्टावर ठिणग्यांचा फवारा उडाला आणि रशीदभाईंनी घाईनं मशीन बंद केलं.

"तेल ओलं हाय, भाऊ. खाली पेट्रोलची टाकी हाय. गाडी तं जाईनच, पण भाभीचा सण बी जाईन."

मग छिन्नी झाली, हातोडा झाला, माझा अंगठा झाला. तीन वाजेपर्यंत बत्तीसपैकी दोन बोल्ट निघाले. सूर्यास्ताला साडेतीन तास उरले होते आणि बोल्ट तीस!

अशा वेळी शहाणा माणूस खरं सांगून मोकळा होतो. मी स्वयंपाकघरातून हळदीचा डबा पळवला. नव्या फळ्यांना हळद-कुंकू फासलं, चहाचं पाणी शिंपडलं, वरून थोडी धूळ चोळली आणि पाचही बोटं व्यवस्थित उमटवली. अशी कोपरापर्यंत पिवळी अवस्था झालेली असताना मागून काठीचा टक् टक् आवाज आला.

"काय करून राहिले, भाऊजी?"

वहिनी! छातीशी मुखवट्यांचं गाठोडं धरून उभी.

"फळ्या... पुसून राहिलो."

"हळदीनं?" तिनं काठीनं फळी उलटली. "ह्या आपल्या नाईत. आपल्या कुठं हायेत?"

सुनंदा पदरानं डोळे पुसत दारात आली. रशीदभाईंनी खाली मान घातली. मी हौद्याकडे बोट दाखवलं. माझ्या त्या पिवळ्या बोटाइतकं केविलवाणं दृश्य अख्ख्या वऱ्हाडात नसेल.

वहिनी गाडीपाशी गेली. रशीदभाईंनी स्टूल दिलं, सुनंदानं हात दिला, आणि ती नवा गुडघा सांभाळत हौद्यात चढली. ती फळ्यांवर बोटं फिरवत एका कोपऱ्यात थांबली. तिथं रंध्यानंही न गेलेला एक काळा डाग होता.

"लग्नानंतरच्या पयल्या वर्सी माह्या हातून समई कलंडली व्हती," ती डागाकडे पाहत म्हणाली. "फळी जळली. मले वाटलं, आता माहेरी धाडतीन. सासूबाईनं त्यावर तांदळाची रास घातली अन् कोनाले काई कळू देलं नाई." मग तिनं मान वर केली. "सुनंदा, रडू नको बाप्पा. फळ्या बदलायच्या नाईत, एवढंच सासूबाई सांगून गेल्या. जागेचं काई बोलल्या नाईत. पावलाईची रांगोळी घरातून काढ अन् इकडं वळव."

"गाडीत?" मी विचारलं.

"तुमी बोलू नका, भाऊजी!"

नंतरचे दोन तास घरात जे चाललं ते सुनंदानंच चालवलं. हौद्याला पैठणीचा पडदा लागला, कडेला केळीचे खांब आले, रशीदभाईंनी तिवया ओळंब्यानं सरळ उभ्या केल्या. वहिनीनं चाकांखालचे चार तुकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. ते धुऊन, पुसून देवीच्या बाळांना बसायला दिले गेले. चाकांना काय लावायचं, हे कोणीच ठरवलं नाही! ज्येष्ठेचा मुखवटा चढत असताना गाडी हळूच दोन बोटं पुढे सरकली.

"धरा!" तिघं एकदम ओरडले.

सूर्य मावळायला दहा मिनिटं असताना महालक्ष्म्या बसल्या. आरती झाली. सगळे हात जोडून समोर उभे होते. मी पुढच्या बाजूला बोनेटला पाठ लावून, पाय रोवून आरती म्हणत होतो, कारण विटा आणायला गेलेले रशीदभाई अजून परतायचे होते.

तीन दिवस अख्खी कॉलनी दर्शनाला लोटली. शेवटच्या दिवशी वहिनी सुनंदाला जवळ घेऊन सगळ्यांदेखत म्हणाली, "माह्या हातून चाळीस वर्सांत असा थाट झाला नाई." सुनंदा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. त्याचा फायदा घेऊन मी विचारलं, "वहिनी, आता वरूडहून संत्री आणायला नेऊ ना गाडी?"

"आसनावर संत्री?" वहिनीचा आवाज बदलला. "खबरदार! पारोश्या अंगानं बी चढायचं नाई!"

ज्या हौद्यात कोंबड्या बिनदिक्कत राहत होत्या, तिथं चढण्यापूर्वी आता मला अंघोळ करावी लागते. सुनंदा म्हणते, गाडीवर गेलेली दोन वर्षं अगदीच वाया गेली नाहीत, निदान रविवारची अंघोळ तरी व्हायला लागली.