परातीतला रुपया

जुनी नाणी ओळखतो म्हणून बारामतीत माझं थोडंफार नाव झालंय, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला वैतागच आहे. मोबाईलवर काहीबाही बघून लोक येतात, जत्रेतली नाणी टेबलावर मांडतात. खेळण्यातलं आहे म्हटलं की माझ्यावरच डाफरतात. मी काय करू, डोंबल?

काकी आली तेव्हा मात्र मी मुकाट्यानं चष्मा पुसून बसलो. काका जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि ती भवानीनगरहून एसटीनं एकटीच आली होती. तिनं कुंकवाच्या करंड्यातून एक नाणं काढलं. त्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ. लग्नानंतर नवरानवरी हळदीच्या पाण्याच्या परातीत हात घालून चांदीचा रुपया शोधतात. ज्याला सापडेल त्याचं घरात चालणार. चकवायला पाण्यात सुपाऱ्या आणि पोरांची खेळण्यातली नाणीही टाकतात. काकीनं पाण्यातून हेच नाणं वर काढलं, काका लगेच हरलो म्हणाले, आणि तिथून पुढं घरात तिचाच शब्द. बोअर कुठं घ्यायचं, पोरीला कुठल्या कॉलेजात घालायचं, सगळं काकी ठरवणार. कुणी चिडवलं तर काका हसायचे. हरलोय ना बाबा, म्हणायचे.

आता त्यांची ट्रंक आवरताना तिला दुसरा रुपया सापडला होता, हळदीनं पिवळ्या पडलेल्या रुमालात बांधलेला. दोन्ही माझ्यापुढं ठेवून ती म्हणाली, "यातला खरा कुठला त्ये सांग. मला बरं वाटावं म्हणून काय बी सांगू नगंस."

नेमकं तेच माझ्या मनात आलं होतं. करंड्यातलं नाणं हातात घेतानाच कळलं. हलकं, कडेला रेघा नाहीत, राजाच्या मानेखाली बारीक अक्षरात खेळणी करणाऱ्याचं नाव. रुमालातला मात्र अस्सल चांदीचा. कसंबसं सांगितलं.

काकी बराच वेळ रुमालावरून बोट फिरवत राहिली. मी चहा ठेवायला उठलो, तर हात धरून खाली बसवलं.

"म्हंजी रुपया त्यांनाच घावला हुता," ती म्हणाली. "मुठीत दाबून हरलो म्हनले. आन जलमभर माझं ऐकलं."