काकूंची उंबरी

डोकमर्डीतल्या आमच्या मेसच्या काकू पहिली भाकरी गाईसाठी काढत आणि दुसरी एका राक्षसिणीसाठी. राक्षसीण कादंबरीतली, नाव उंबरी. तिच्या वाटची भाकरी सर्वांत उशिरा येणाऱ्याला मिळे. राखोलीच्या कारखान्यातून मी बहुधा उशिराच सुटे, त्यामुळे ऐंशीच्या दशकातली माझी तब्येत ही उंबरीचीच कृपा.

काकू धुळ्याकडच्या, वाचनाच्या वेड्या. जेवणं उरकली की ती जाडजूड कादंबरी उघडायच्या आणि आम्हा सात-आठ सड्याफटिंगांना एक प्रकरण वाचून दाखवायच्या. उंबरी ताडासारखी उंच, काळी, आडव्या हाडाची. राजपुत्राला खांद्यावर टाकून ती नदी ओलांडते आणि वर "पाय वर घे, भिजतील" म्हणून दटावते. तिथे काकू चष्मा काढून म्हणायच्या, "आशी एक बाई घरात पायजे रे भो."

पुढे त्या कादंबरीवर हिंदी सिनेमा निघाला. एका रविवारी दुपारी आम्ही भाड्याचा व्हीसीआर आणला. पडद्यावरची उंबरी गोरीपान, नाजूक, पायांत घुंगरू. नदी आली तेव्हा राजपुत्रानंच तिला उचललं. मी पेटलो. "ही उंबरी? फुंकर मारली तर उडेल. अक्कल गहाण टाकलीय यांनी." टेप थांबवून मी उंच, सावळ्या, दणकट बायकांच्या बाजूनं चांगलं अर्धा तास भाषण ठोकलं.

काकू शेंगा सोलत होत्या. "झालं का सायेब? मंग त्या नाशिकच्या पोरीच्या बापाला उत्तर का नाही टाकलं अजून?"

ती मुलगी मी पंधरा दिवसांपूर्वी पाहून आलो होतो. हसरी, बोलकी, शाळेत शिकवणारी. पण रंगानं सावळी आणि माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. "विचार करून कळवतो," असं सांगून मी निघालो होतो, आणि हे फक्त काकूंना ठाऊक होतं.

"विचार चालू आहे, काकू."

"कसला इचार? पुस्तकात तुला उंबरी पायजे, आन् मांडवात ही नाचणारी. त्या सिनेमावाल्याला कशाला शिव्या देतो? त्यानं तुझ्यासारख्यांना इचारूनच काढलाय."

मंडळी खो-खो हसली. मीही हसलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. संध्याकाळी होकाराचं पत्र लिहिलं. टपालपेटीपर्यंत काकू सोबत आल्या. "तुझा काय भरोसा," म्हणाल्या.

काही वर्षांनी मेस बंद झाली. काकू मुलाकडे धुळ्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. पण माझ्या लग्नाला त्या नाशिकपर्यंत आल्या होत्या. फोटोग्राफरनं जोडी शोभावी म्हणून माझ्या पायाखाली पाट सरकवला, तो काकूंनी पायानंच बाजूला केला. "जशी हायेत तशी काढ," त्याला म्हणाल्या.

तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. पाहुणे आधी बायकोकडे बघतात, मग नजर खाली आणून मला शोधतात.